पाचवा ‘का’

मगदूम मॅडमनी टर्बोचा छोटा पंखा करंगळीनं ढकलून पाहिला. पंखा हलला नाही. मग त्यांनी अंगठा लावून जोर केला. तरी नाही.

“जाम,” त्या म्हणाल्या, आणि हात पुसायला कापड मागितलं.

चाकणच्या आमच्या कारखान्यात इंजिनं उघडून बघायची एक खोली होती. तिथल्या लांब टेबलावर चार नंबरच्या गाडीचं इंजिन सुटं करून मांडलं होतं, आणि आम्ही सात-आठ जण भोवती उभे होतो. याला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा त्या कंपनीत टेस्ट ड्रायव्हर होतो आणि चार नंबरची गाडी माझी होती. माझी आणि काळभोरमामांची. सकाळची पाळी माझी, दुपारची त्यांची.

“शेवकरी, गाडी बंद पडली तेव्हा तुम्हीच चालवत होता ना?” मॅडमनी मला विचारलं.

“हो.”

“काय झालं, परत एकदा सांगा.”

“पसरणी घाटात अर्ध्यावर आलो होतो. शिट्टीसारखा आवाज आला, मग गाडीतला दमच गेला. पाय पूर्ण दाबला तरी वीसच्या वर जाईना. मागून निळा धूर. मी कडेला घेतली.”

“त्याच्या आधी काही?”

“काही नाही.”

त्या मान हलवून परत टेबलाकडं वळल्या. मी मात्र त्या जाम झालेल्या पंख्याकडं बघत राहिलो.

ते इंजिन मला फार आवडायचं. नऊशे अठ्ठ्याण्णव सीसी, तीन सिलिंडर. तिन्ही सिलिंडरांच्या आतली जागा एकत्र केली तर दुधाच्या एक लिटरच्या पिशवीएवढी भरेल. एवढ्याशा जागेतून एकशे दहा हॉर्सपॉवर. त्याआधी मी सहा वर्षं राजगुरुनगर-भीमाशंकर जीप चालवली होती. जीपचं इंजिन याच्या अडीच पट मोठं होतं आणि ताकद याच्या निम्मी. पहिल्यांदा ही गाडी घेऊन पसरणी घाट चढलो तेव्हा मागच्या सीटवर पाच माणसांच्या वजनाची वाळूची पोती होती. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी वर निघाली की मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो.

सगळी करामत टर्बोची. धुराड्यातून वाया जाणारा गरम वायू एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून जास्त ताकद. तो दांडा पेन्सिलीएवढा, आणि मिनिटाला दोन लाख फेरे घेतो. त्याला आधार कशाचा, तर केसापेक्षा पातळ अशा ऑइलच्या थराचा. दांडा त्या ऑइलवर तरंगत असतो.

हे सगळं मला मगदूम मॅडममुळं ठाऊक. बाकीचे इंजिनिअर आम्हा ड्रायव्हर लोकांना रस्ता आणि वेग सांगून मोकळे व्हायचे. या बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हा दहा जणांना बसवून फळ्यावर चित्र काढलं होतं. मूळच्या इचलकरंजीच्या, घरी यंत्रमाग. मशीन कसं बोलतं हे लहानपणापासून ऐकलेल्या. या इंजिनाचा टर्बो, त्याला ऑइल आणि पाणी नेणारे पाइप, ही सगळी रचना त्यांची होती. चार वर्षं त्या त्यावर काम करत होत्या.

पाच गाड्या एक-एक लाख किलोमीटर पळवायच्या आणि काय मोडतंय ते बघायचं, असा बेत होता. साठ हजारांपर्यंत हायवे, त्यानंतर घाट. वाईजवळ सुरूर फाट्याला आमचा तळ होता. तिथून पाचगणीपर्यंत वर जायचं, गाडी वीस मिनिटं बंद ठेवायची, खाली यायचं, परत वर. चार नंबरची गाडी सत्त्याऐंशी हजारांवर बसली. बाकीच्या चार ठणठणीत होत्या.

मॅडमनी फळ्यापाशी जाऊन वरपासून खालपर्यंत पाच वेळा ‘का?’ लिहिलं. कारखान्यात ही पद्धतच होती. एक का विचारायचा, उत्तर आलं की त्या उत्तरालाच का विचारायचा. पाच वेळा विचारलं की दुखण्याच्या मुळाशी जाता येतं म्हणतात.

गाडीची ताकद का गेली? टर्बो जाम झाला.

टर्बो जाम का झाला? दांड्याला ऑइल मिळालं नाही.

ऑइल का मिळालं नाही? ते नेणारा पाइप आतून बुजला.

तिथं खडू थांबला.

“पाइप का बुजला?” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या.

आमचे चाचणी विभागाचे प्रमुख सबनीससाहेब मागं हाताची घडी घालून उभे होते. “उघड आहे,” ते म्हणाले. “पाइप बनवणाऱ्यानं आतून नीट साफ केलेला नाही. कचरा राहिला, त्यावर थर चढला. त्याचा माल थांबवा, दुसरा माणूस बघा. दिवाळीला गाडी बाजारात न्यायचीय आपल्याला.”

“कचरा नाही वाटत सर. कोळसा आहे. ऑइल पाइपातच जळलंय.”

“मग बाकीच्या चार गाड्यांत का नाही जळलं? त्याच ऑइलवर चालल्यात ना?”

मॅडमनी खडू खाली ठेवला. नऊ दिवस त्या याच प्रश्नाशी येऊन अडत होत्या. चार नंबरच्या गाडीतला नोंद ठेवणारा डबा घाटातल्या चाचणीच्या सुरुवातीलाच काढून दुसऱ्या कामाला नेला होता. उरली होती फक्त आम्ही ड्रायव्हरांनी हातानं भरलेली शीट. त्या शीटवर सगळं बरोबर होतं.

उत्तर माझ्याकडं होतं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी बाहेर आलो तर गेटजवळच्या बाकावर साठीचे एक गृहस्थ बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. माझ्या शर्टावरचं कंपनीचं नाव बघून उठले.

“मगदूम मॅडम जेवून आल्या का हो?”

“त्या जेवायला गेल्याच नाहीत अजून.”

“मी मुजावर. भोसरीला वर्कशॉप आहे. ते ऑइलचे पाइप आमच्याकडं बनतात.” त्यांनी पिशवीतून एक पाइप काढला. तो उभा चिरलेला होता, आतली बाजू दिसावी म्हणून. “हे बघा. त्याच लॉटमधला. आत बोट फिरवा. काही लागतंय?”

मी बोट फिरवलं. काचेसारखा गुळगुळीत.

“असे अकरा पाइप चिरून आणलेत. बावीस वर्षं झाली पाइप वाकवतोय. चौदा माणसं आहेत माझ्याकडं. आजवर कुणी घाण काम म्हणून माल परत केलेला नाही.” त्यांनी पाइप माझ्याकडून परत घेतला. “तुम्ही इथं काय करता?”

“ड्रायव्हर आहे. ती गाडी मीच चालवत होतो.”

त्यांनी माझा हातच धरला. “बरं झालं भेटलात. मला खरं सांगा. काही वेगळं घडलं होतं का त्या गाडीच्या बाबतीत? बाकीच्यांपेक्षा वेगळं? काहीही.”

“नाही,” मी म्हणालो.

“नाही?”

“माझ्या तरी ध्यानात नाही.”

त्यांनी माझा हात सोडला, पाइप कापडात गुंडाळून परत पिशवीत ठेवला आणि म्हणाले, “मग आमच्याच हातून काही चुकलं असेल.”

कँटीनमध्ये काळभोरमामा ताट घेऊन बसले होते. पंधरा वर्षं एसटी चालवून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मी ताट घेऊन समोर बसलो.

“मामा, वर गेल्यावर तुम्ही दोन मिनिटं थांबायचा ना?”

“कुठं?”

“घाटमाथ्यावर. गाडी बंद करायच्या आधी.”

मामांचा हात थांबला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “तू नव्हता थांबत?”

मी मान हलवली.

पहिल्या दिवशी फळ्यावर चित्र काढताना मॅडमनी आम्हाला एक नियम सांगितला होता. घाट चढून आलं की टर्बो तापून लाल झालेला असतो. लगेच चावी फिरवली तर ऑइल जागच्या जागी थांबतं, उष्णता मात्र थांबत नाही, ती दांड्याकडं आणि पाइपाकडं सरकते. म्हणून वर पोचल्यावर गाडी उभी करून दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, मगच बंद करायचं. शीटवर त्यासाठी एक रकाना होता. दर खेपेला तिथं बरोबरची खूण करायची.

“किती दिवस?” मामांनी विचारलं.

“पहिले पंधरा दिवस थांबलो. त्यानंतर एकदाही नाही.”

“आणि खुणा?”

“पाळी संपताना सगळ्या एकदम करायचो.”

मामांनी पाण्याचा घोट घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ नवनाथ, आता ते तुझ्या पोटातच राहू दे. चार वर्षं कंत्राटावर काढलीस. पुढच्या महिन्यात परमनंटचं पत्र यायचंय तुला. घरी सांगितलंयस ना?”

“रेश्माला सांगितलंय.”

“मग? त्या पाइपवाल्याचं काय, तो दुसरीकडं माल देईल. एवढी मोठी भोसरी आहे. तुला दुसरीकडं कोण घेणार, खोट्या खुणा करणाऱ्या ड्रायव्हरला?”

मामांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांना म्हणालोही, “खरंय.” मग ताट तसंच ठेवून उठलो.

मुजावर अजून बाकावर होते. त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवून मी त्यांच्यापुढून गेलो. त्यांनी मात्र मला बघून हात वर केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा.

मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर न उघडलेला जेवणाचा डबा. त्या भिंग डोळ्याला लावून बुजलेल्या पाइपाचा तुकडा बघत होत्या.

“मॅडम.”

“बोला शेवकरी.”

“वर गेल्यावर मी दोन मिनिटं थांबत नव्हतो. पोचलो की लगेच बंद करायचो.”

त्यांनी भिंग हळूच खाली ठेवलं. “किती वेळा?”

“तीनशेच्या वर झालं असेल.”

“शीटवर खुणा आहेत.”

“खोट्या आहेत.”

त्यांनी शीटांचा गठ्ठा पुढं ओढून एक-दोन पानं उलटली. मग म्हणाल्या, “बसा.” मी बसलो नाही.

“का?” त्यांनी विचारलं.

जिन्यावरून येताना मी दोन-तीन कारणं तयार केली होती. आई आजारी असायची, तिला फोन करायचा असायचा. पोटाचा त्रास होता. त्या माझ्याकडं सरळ बघत होत्या आणि मला त्यातलं एकही सांगवेना.

“काही नाही मॅडम. कंटाळा यायचा.”

“कंटाळा?”

“आधी अर्धा तास घाट चढायचा. मग पोचल्यावर पण आतच बसून राहायचं, काही न करता. बाहेर झाडाखाली वारा असतो. खाली धोम धरणाचं पाणी दिसतं. दोन मिनिटं म्हणजे काही जास्त नाहीत, पण रोज पाच-पाच वेळा... नको वाटायचं.”

“पहिल्यांदा लगेच बंद केलीत तेव्हा भीती वाटली होती?”

“वाटली होती. पण काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पण काही झालं नाही. मग वाटायची बंद झाली.”

त्यांनी पुढं सरकवलेल्या कागदावर मी सगळं लिहून काढलं, तारीख घालून सही केली. त्यांनी ते वाचलं. ‘कंटाळा’ या शब्दाखाली पेन्सिलीनं एक रेघ ओढली.

“काळभोर थांबायचे?”

“ते नेहमी थांबायचे. त्यांचं यात काही नाही.”

“ठीक आहे. उद्या दहा वाजता या. आणि शेवकरी, खोट्या खुणांचं मी कुणापासून लपवणार नाही.”

“माहीत आहे मॅडम.”

घरी रेश्मानं विचारलं, “पत्राचं काही कळलं का?” मी म्हणालो, “नाही अजून.” त्यापुढं तिला काही सांगायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला सबनीससाहेब माझ्या आधीच येऊन बसले होते. माझा कागद त्यांच्या हातात होता आणि चेहरा चक्क खुललेला होता. मला वाटलं होतं ते ओरडतील.

“सुटलो!” ते सगळ्यांकडं बघत म्हणाले. “इंजिन ठीक, पाइप ठीक. ड्रायव्हरनं सूचना पाळली नाही, एवढीच गोष्ट. चार नंबरची गाडी चाचणीतून वगळायची. बाकीच्या चार पास. मॅडम, तुमच्या डिझाइनवरचा डागही गेला. आज रिपोर्ट द्या, उद्या मी वर पाठवतो.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुमचं काय करायचं ते बघतो मी.”

मॅडम उठून फळ्याकडं गेल्या. आदल्या दिवशीचं लिखाण तसंच होतं. चौथ्या ‘का’पुढं त्यांनी लिहिलं, ‘तापलेलं इंजिन लगेच बंद केलं, ऑइल पाइपात जळलं.’ पाचव्या ‘का’पुढं लिहिलं, ‘कंटाळा.’

दोघं-तिघं हसले. मी खाली बघून उभा राहिलो.

“हसू नका,” मॅडम म्हणाल्या. “हेच उत्तर आहे. सर, इंजिन नापास आहे.”

“काय?”

“नापास. या रचनेवर मी सही करणार नाही.”

सबनीससाहेबांना वाटलं, मॅडमना कळलेलं नाही. त्यांनी समजावायच्या सुरात सांगितलं, “मॅडम, चूक ड्रायव्हरची आहे. त्यानं स्वतः लिहून दिलंय.”

“हो. आणि उद्या गाडी घेणारा हीच चूक करणार. शेवकरींना थांबायचा पगार होता. शीट होतं. का थांबायचं हे मी स्वतः फळ्यावर काढून दाखवलं होतं. तरी त्यांना पंधरा दिवसांत कंटाळा आला. गाडी घेणाऱ्याला यातलं काय आहे? मागं पोराला उलटी येतीय, सासूबाई म्हणतायत पाय आखडले. तो माणूस वर पोचल्या पोचल्या चावी फिरवणार. दोन मिनिटं मोजत बसणार नाही.”

“मॅन्युअलमध्ये लिहू. ठळक अक्षरात.”

“तुमच्या घरच्या मिक्सरचं मॅन्युअल वाचलंय तुम्ही?”

यावर पुन्हा कुणीतरी हसलं, पण या वेळी माझ्यावर नाही.

“चार गाड्या पास झाल्यात,” साहेबांचा आवाज चढला.

“त्या ड्रायव्हरांनी पास केल्या सर. आपले ड्रायव्हर शिस्तीचे निघाले म्हणून. लोक चालवतात तशी एकच गाडी चालली, ती ही. आणि ती सत्त्याऐंशी हजारांवर बसली.”

“किती वेळ लागेल?”

“पाणी फिरवणारा एक छोटा विजेचा पंप द्यावा लागेल. इंजिन बंद झाल्यावरही बॅटरीवर काही मिनिटं चालत राहील, टर्बोभोवतीचं पाणी फिरवत. ऑइलचा पाइप धुराड्यापासून लांबून न्यावा लागेल. मग पुन्हा घाट. सगळं धरून सात महिने.”

“दिवाळी गेली म्हणजे!” साहेबांनी टेबलावर हात आपटला. “तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? हे डिझाइन तुमचं आहे. नापास म्हणून लिहिलंत तर तुमच्या नावावर लागेल ते.”

“माझंच आहे, म्हणून तर मीच सांगायला पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “माणसाला कंटाळा येतो, ते आपल्याला बदलता येणार नाही. इंजिन बदलता येईल.”

साहेब माझा कागद टेबलावर ठेवून निघाले. ते दारात पोचले तेव्हा मॅडम म्हणाल्या, “आणखी एक सर. शेवकरींनी खोट्या खुणा केल्या, त्याची शिक्षा त्यांना द्या. पण ती वेगळ्या कागदावर. या रिपोर्टमध्ये ते गुन्हेगार नाहीत.”

शिक्षा झाली. एक महिना बिनपगारी घरी, आणि परमनंटचं पत्र वर्षभर पुढं गेलं. रेश्माला मी सांगितलं की कंपनीत मंदी आहे. मुजावरांच्या वर्कशॉपला मॅडम स्वतः जाऊन आल्या. मी त्या वेळी तिथं नव्हतो, पण नवा पाइपही त्यांच्याकडंच बनला हे मला माहीत आहे, कारण तो पहिल्यांदा बसवताना ते स्वतः चाकणला आले होते. त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं असावं. ते माझ्यापाशी आले, काही क्षण बघत राहिले, आणि म्हणाले, “त्या दिवशीच सांगायचं होतं, हात धरला होता मी तुमचा.” मी म्हणालो, “तुमच्यामुळंच सांगितलं.” पाइपाचे नट स्वतःच्या हातानं आवळून ते निघून गेले.

महिना संपवून कामावर आलो तर समजलं, नव्या इंजिनाच्या घाटातल्या चाचणीसाठी मॅडमनी मलाच मागून घेतलंय. सूचनेचा कागद हातात दिला. त्यावर एकच ओळ होती: ‘घाटमाथ्यावर पोचताच इंजिन तत्काळ बंद करावे.’ पाचशे वेळा.

खोटं वाटेल, पण आता माझा हात चावीकडं जाईना. डोळ्यापुढं तो तापलेला दांडा यायचा. पहिल्या दिवशी चावी फिरवली आणि गाडीत शांतता झाली. मग बोनेटखालून एक बारीक आवाज यायला लागला, लांब कुठंतरी शिलाई मशीन चालू असल्यासारखा. सहा-सात मिनिटं चालला आणि आपोआप थांबला. मी तोवर बाहेर पडलोच नाही. पुढं मात्र सवय झाली, आणि खेपा संपता संपता तर झाडाखाली जाऊन उभा राहायला लागलो.

पाचशेव्या खेपेला मॅडम शेजारच्या सीटवर होत्या. वर पोचलो, मी चावी फिरवली, पंप सुरू झाला. त्या डोकं मागं टेकवून ऐकत बसल्या. मी धीर करून विचारलं.

“मॅडम, मी त्या दिवशी कबूल केलं तेव्हा तुम्हाला राग आला होता का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “आनंद झाला होता.”

“आनंद?”

“नऊ दिवस मी माझं डिझाइन बरोबर आहे हे सिद्ध करायला बघत होते. मग तुम्ही आलात आणि म्हणालात माझी चूक. मला वाटलं, सुटले. चूक ड्रायव्हरची. घरी जाईपर्यंत मी खुशीत होते.” त्या काचेतून बाहेर बघत होत्या. “घरी पोचले, गाडी लावली, चावी काढली आणि वर गेले. जिन्यात आठवलं, मी तरी कुठं थांबले? आयुष्यात एकदाही दोन मिनिटं थांबले नव्हते मी. नियम मीच केला होता.”

पंप थांबेपर्यंत आम्ही दोघं आतच बसून राहिलो.

ते इंजिन उघडलं तेव्हा मी तिथं होतो. पाइप आतून स्वच्छ होता, दांड्यावर ओरखडा नव्हता. गाडी दिवाळीऐवजी पुढच्या उन्हाळ्यात बाजारात आली. सबनीससाहेब बढती होऊन गेले तेव्हा त्यांच्या जागी मगदूम मॅडम येतील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बाहेरचा माणूस आणला. दोन वर्षांनी मॅडम नोकरी सोडून इचलकरंजीला गेल्या. तिथं तंत्रनिकेतनात शिकवतात असं ऐकलं.

त्याच मॉडेलची एक जुनी गाडी मी सहा वर्षांपूर्वी विकत घेतली. आज तिचे एक लाख बासष्ट हजार झालेत. टर्बोला हात लावावा लागलेला नाही. गेल्या वर्षी रेश्मा गाडी शिकली. मागच्या महिन्यात भीमाशंकरला जायचं ठरलं तेव्हा म्हणाली, “आज घाट मी चढवणार.” चढवलाही, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पिळवटून काढत. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. वर पोचलो, तिनं गाडी लावली, पटकन चावी काढली आणि उतरून पदर सारखा केला. मग बोनेटपाशी येऊन थांबली.

“अहो, गाडी बंद केली ना मी? आत काहीतरी चालूच आहे.”

“चालू दे.”

“बिघडली का काय?”

“नाही,” मी म्हणालो. “ते मगदूम मॅडमचं काम आहे.”

“कोण मगदूम मॅडम?”

तेरा वर्षांत हे नाव मी घरात काढलं नव्हतं. मंदीचं सांगितलं होतं, तिनं ते खरं धरलं होतं, आणि त्या वर्षी स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात जुनीच साडी नेसली होती. तिथंच गाडीला टेकून मी तिला पहिल्यापासून सांगायला लागलो. खोट्या खुणांपाशी आलो तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. मी थांबलो नाही.

बोनेटखाली पंप चालू होता.